जोकिम घरी आला ते दहा दिवस

अल मनखूलला राहणाऱ्या ॲडेलिनच्या हाताखालून एका मोठ्या हॉटेलच्या सगळ्या चादरी जात. वसईहून ती १९९१ साली दुबईला आली, लाँड्रीत इस्त्रीला लागली आणि बारा वर्षांत सुपरवायझर झाली. आजारी पाहुण्याचे कपडे वेगळ्या पिशवीत भरायचे आणि इतर कपड्यांना त्यांचा वाराही लागू द्यायचा नाही, हे तिने नव्या मुलींना इतक्यांदा सांगितलं होतं की झोपेतही म्हटलं असतं.

२००३च्या एप्रिलमध्ये हा नियम घरी आणायची वेळ आली. सिंगापूरकडे सार्स या फुफ्फुसाच्या आजाराची साथ पसरली होती, आणि तिचा नवरा जोकिम ऑफिसच्या कामाला तिथेच गेलेला. घरात सात वर्षांची नादिया आणि व्हिजिट व्हिसावर आलेल्या सासूबाई, रेमेतीनबाई. त्यांची छाती दम्याने आधीच पोखरलेली. साधा फ्लूसुद्धा यांना झेपायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

जोकिम आला तो थेट बेडरूममध्ये गेला. दहा दिवस तिथेच राहायचं, हे ॲडेलिनने फोनवरच ठरवून टाकलं होतं. जेवण दाराबाहेर ठेवायचं, ताट उकळत्या पाण्यात घालायचं. संध्याकाळच्या रोझरीपुरतं, माळेवरच्या प्रार्थनेपुरतं दार उघडायचं, एवढीच सवलत.

"खलास," तो आतून म्हणाला. "स्वतःच्याच घरात मी व्हिजिटवर."

त्याच्या आईला हसू आलं नाही. "माझ्या पोराला वाळीत टाकलंस," त्या सुनेला म्हणाल्या आणि दिवसभर तिच्याशी बोलल्या नाहीत.

चौथ्या दिवशी जोकिमला ताप भरला. हॉस्पिटलने दोन दिवस ठेवून घेतलं. छातीचा फोटो साफ निघाला. साधा फ्लू दिसतो, घरी न्या, पण खोलीबाहेर येऊ देऊ नका, असं तिथले डॉक्टर म्हणाले. त्याला आणायला निघण्याआधी ॲडेलिन त्याच्या चादरी पिशवीत भरत होती. दारात नादिया आली, तशी ती तिच्यावर खेकसली, कशाला हात लावू नकोस.

"बट मम्मी," नादिया म्हणाली, "वी ऑल किस्ड द सेम क्रॉस."

ॲडेलिनच्या हातातली उशी तशीच राहिली. रोझरी संपली की माळेचा क्रूस घरभर फिरे. तीन संध्याकाळी रेमेतीनबाईंनी तो दाराशी उभ्या जोकिमपुढे धरला होता. त्याने तोंडावरचा मास्क खाली करून क्रुसाचं चुंबन घेतलं होतं. मग आईने, मग नादियाने, मग डोळे मिटून खुद्द ॲडेलिनने. पेला उकळला, दाराची मूठ स्पिरिटने पुसली आणि हे मात्र कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

सासूबाईंना सांगणं भाग होतं. "क्रुसामुळे कुणी आजारी पडत नाही," त्या ताडकन म्हणाल्या.

"क्रुसाला काही होत नाही, आई. पण ओठ आपले आहेत. तुम्हाला काही झालं तर मी जोकिमला काय सांगू?"

रेमेतीनबाई माळ चाचपू लागल्या. सुनेचा आवाज असा कापरा झालेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. संध्याकाळी जोकिम परतला आणि खोलीत गेला, तेव्हा बेडरूमचं दार त्यांनी स्वतः लावून घेतलं. क्रूस टेबलावर ठेवून त्या लांबूनच कपाळ टेकल्यासारख्या वाकल्या.

"जोकिम, मोठ्याने म्हण," त्यांनी दाराकडे तोंड करून हाक दिली. "आम्ही इथून उत्तर देतो."

त्याच्या बसलेल्या घशातून 'नमो मारिया' येऊ लागलं आणि हॉलमधून तिघींचं उत्तर जाऊ लागलं.

पुढचे दिवस ॲडेलिन कामावरून आली की आधी सासूबाईंच्या श्वासाला कान लावी. सुईं असा आवाज येतोय का, बोलताना धाप लागतेय का. एकदा त्या खोकल्या तर हिचं भाजीचं तेल जळून गेलं. मसाल्याचा ठसका होता. नादियाला जरा शिंका आल्या, तिला दोन दिवस शाळेत धाडलं नाही. जोकिमचा ताप उतरला. रेमेतीनबाईंचा श्वास होता तसाच राहिला.

दहा दिवस पुरे झाले त्या सकाळी जोकिम बाहेर आला आणि आईच्या हाताचं चुंबन घ्यायला वाकला. त्यांनी हात झटकन पदराखाली घेतला.

"आधी तोंड धू," त्या म्हणाल्या. "साबणाने."

त्याने वळून ॲडेलिनकडे पाहिलं. ती केव्हाच बेडरूममध्ये शिरून खिडक्या उघडत होती.