पॉइंटबाई आणि इंजिनाचं मागचं सील

गाड्यांच्या सुट्या भागांच्या त्या दुकानात सगळे मिस्त्री तिला पॉइंटबाई म्हणायचे. कुणी "चाळीसचं सील द्या" म्हणालं, की ती दशांशापर्यंत माप विचारायची, "चाळीस पॉइंट किती?" आणि काउंटरवर हशा पिकायचा.

दुकान तिच्या सासऱ्यांचं. त्यांना मोतीबिंदू झाला, डब्यांवरचे आकडे दिसेनासे झाले, म्हणून "चार दिवस बस" म्हणून सूनबाईला काउंटरवर बसवलं. त्याला सहा वर्षं झाली. ऑपरेशनचा विषय काढला, की सासऱ्यांना अचानक सगळं स्पष्ट दिसायला लागायचं. बाकी वेळ ते शेजारच्या स्टुलावर बसून सूचना करायचे.

जुन्या इंजिनांची ऑइल सील ही तिची खास आवड. फिरता दांडा इंजिनातून जिथे बाहेर येतो, तिथे तेल अडवून धरणारं हे रबरी कडं. दिसायला बांगडीएवढं, पण चुकलं तर सगळी मेहनत पाण्यात.

एकदा एका मिस्त्रीने वीस-बावीस वर्षं जुन्या गाडीच्या इंजिनाचं मागचं सील मागितलं. गाडी नर्सताईंची. टेकडीपलीकडच्या वस्त्यांवर गरोदर बायकांना तपासायला त्या हीच गाडी घेऊन जायच्या. जुनं सील वाळल्या भाकरीसारखं कडक झालं होतं. पॉइंटबाईने बाहेरचं माप घेतलं, जाडी घेतली, दांड्याचं माप मिस्त्रीला फोनवर दोनदा विचारलं आणि सील दिलं.

आठव्या दिवशी मिस्त्री परत आला. ते सील त्याने काउंटरवर आपटलं.

"बाई, अख्खा गिअरबॉक्स उतरवून बसवलं होतं. आठ दिवसांत गाडीखाली पुन्हा तेलाचं थारोळं!"

मागे नर्सताई उभ्या होत्या. चिडल्या नव्हत्या, दमल्या होत्या. "वरच्या वस्तीवर एकीचे दिवस भरत आलेत हो," एवढंच म्हणाल्या.

"बसवण्यात गडबड झाली असेल," सासरे स्टुलावरून म्हणाले.

असं म्हणून हात झटकणं सोपं होतं. पण तिने सील पुसून दिव्याखाली धरलं. माप बरोबर, पॉइंटसकट बरोबर. मग कडेवर रबरातच उठलेला एक बारीक बाण दिसला.

"मिस्त्री, गिअरबॉक्सकडून बघितलं तर इंजिन कुठल्या बाजूला फिरतं?"

त्याने हवेत बोट फिरवलं. बरोबर बाणाच्या उलट.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "आतल्या ओठावर या तिरक्या रेघा आहेत ना, त्या तेल आत ओढतात. दांडा उलटा फिरला तर त्याच रेघा तेल बाहेर ढकलतात. मी माप बघितलं, बाण बघितलाच नाही."

मिस्त्री भांडायच्या तयारीने आला होता. त्याने सील उचलून बाण स्वतः बघितला.

"आता आणखी काही सुटायला नको. दांडा मला स्वतःला बघायचाय," ती म्हणाली.

"गॅरेजमध्ये? तुम्ही?"

"मग काय तो इकडे चालत येणार आहे?"

सहा वर्षांत पहिल्यांदाच ती काउंटर सोडून गॅरेजमध्ये गेली. साडीचा पदर खोचून गाडीखालच्या खड्ड्यात उतरली, दांडा पुसला आणि त्यावरून अलगद नख फिरवलं. एके ठिकाणी नख अडलं.

"बघा, इथे खाच पडलीय."

मिस्त्रीने नख फिरवलं. "बसवताना हे मला कळायला हवं होतं," तो म्हणाला. "इतकी वर्षं सीलचा ओठ एकाच जागी घासलाय. नवंही तिथेच बसलं, तर बाण सरळ असूनही तेल येणार."

"जरा बाहेर बसवता येईल? म्हणजे ओठ खाचेवर येणार नाही."

सील ज्या गोल घरात बसतं, त्याची खोली त्याने मोजली. "दीड मिलिमीटर बाहेर बसेल."

"पॉइंट किती?" तिने विचारलं आणि दोघंही हसले.

सरळ बाणाचं आणि उष्णता सोसणाऱ्या रबराचं सील हवं होतं. तीन व्यापाऱ्यांनी नाही म्हटलं. चौथ्याने फोटो पाठवला, पण त्यात बाण दिसत नव्हता. "तेवढा एक बाण दाखवा हो दादा," असं तिने तीनदा विनवलं, तेव्हा कुठे फोटो नीट आला. सील यायला दोन दिवस लागले. तोवर नर्सताई कुणाची तरी स्कूटर मागून वस्तीवर जाऊन आल्या.

गाडी जोडून झाल्यावर मिस्त्रीने तिच्याखाली पांढरा पुठ्ठा अंथरला आणि इंजिन तासभर चालू ठेवलं. पुठ्ठा कोरडा. नर्सताईंनी गाडी वस्तीपर्यंत नेऊन आणली. तरी कोरडा. पंधरा दिवसांनी त्या दुकानात आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "मुलगी झाली! आई-लेक दोघी ठणठणीत, आणि गाडीही!"

तेवढ्यात फोन वाजला. दुसऱ्या गॅरेजचा मिस्त्री होता. "बाई, एक इंजिन उघडलंय. सील ठरवायच्या आधी तुम्ही येऊन दांडा बघाल का?"

तिने सासऱ्यांकडे बघितलं. "अकरा वाजता गेले तर काउंटर सांभाळाल?"

"आकडे कोण वाचणार?" ते कुरकुरले. मग चष्मा पुसत हळूच म्हणाले, "जा तू. आणि येताना त्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ये."