बसलेली जागा

पहिला थेंब माझ्या मानेवर पडला.

मी उकिडवी बसले होते. हातात ब्रश, पुढ्यात सीलरचा डबा, पाठ दाराकडे. वाटलं वरचा एसी गळतोय. मान पुसली, बोटं नाकाशी नेली आणि कळलं. गोमूत्र. तो वास मला कुणी शिकवायला नको, खेड्यात वाढलेय मी.

वळून पाहिलं तर मागं मॅडम. घराची मालकीण. डाव्या हातात तांब्याची वाटी, उजव्या हातात आंब्याचं पान. पान वाटीत बुडवायच्या आणि माझ्या डोक्यावरून पुढं शिंपडायच्या. मी नुकत्याच सीलर मारलेल्या फरशीवर. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. कुंड्यांना पाणी घालताना असतो तसा चेहरा.

"तुझं चालू दे," त्या म्हणाल्या. "मी माझं करतेय."

मी चालू दिलं. काय करणार? मान खाली घातली, ब्रश बुडवला, पुढचा पट्टा ओढला. मागून थेंब येतच होते. माझ्या पाठीवर, केसांत, फरशीवर.

माझं काम फरशीचं. फरशी पुसायचं नाही, ते वेगळं. लोकांच्या घरात जुना कोटा दगड असतो, शहाबादी असते, मार्बल असतो. वर्षानुवर्षं तेल, साबण, पायाची धूळ सांध्यांत बसते आणि सांधे काळे पडतात. ते आम्ही कोरून काढतो, नवीन भरतो, मशीननं फरशी घासतो, पॉलिश करतो. शेवटी सीलर मारतो, म्हणजे दगडात पुन्हा काही मुरत नाही. सीलर मारायचा तो दूरच्या भिंतीपासून, दाराकडे मागं सरकत. बसायचं, पुढची जागा रंगवायची, मागं सरकायचं, मग जिथं बसलो होतो ती जागा रंगवायची. आपली बसलेली जागा आपणच झाकत झाकत घराबाहेर पडायचं. धंदाच तसा आहे.

हे काम मला रफिकभाईनं शिकवलं. मालेगावचा माणूस. घरातले यंत्रमाग बंद पडले तसा नाशकात आला आणि दगडाच्या कामात शिरला. पण गंगापूर रोडच्या बंगल्यांत त्याला रफिक म्हणून कुणी ओळखत नाही. तिथं तो राजू. पहिल्याच दिवशी त्यानं मला सांगितलं होतं, "ताई, नाव बोलायचं, आडनाव गिळायचं. और फोन सायलेंट. मग काम मिळतं." आईही तेच सांगायची, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मूठ झाकूनच होते. कुणी आडनाव विचारलं की मी मशीन चालू करायची. घासायच्या मशीनच्या आवाजात कुणाला काय ऐकू येतंय.

या घरातही पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं होतं. मी नाव सांगितलं आणि बटण दाबलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण मी काम करताना त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहायच्या, माझ्याकडे बघत. पाण्याचा ग्लास मागायला जीभ रेटायची नाही, मी घरून बाटली न्यायची.

गमावण्यासारखंही बरंच होतं. या घरचे साहेब एका मोठ्या इमारतीच्या कमिटीवर होते. तिथल्या सगळ्या मजल्यांचं, जिन्यांचं काम आम्हाला देतो म्हणाले होते. रफिकभाईनं सांगून ठेवलं होतं की ते काम आलं की अर्धे मजले तुझे, तू तुझ्या बाया लाव, तुझ्या नावानं कर. माझ्या नावानं. रफिकभाईच्या हाताखाली उभी हयात घासायची नव्हती मला. म्हणून या हॉलची फरशी मी जीव ओतून केली. प्रत्येक सांधा हातानं कोरला.

आणि मग शेवटच्या दिवशी, सीलरच्या दिवशी, मी फोन सायलेंट करायला विसरले.

सीलर मारताना मशीन बंद असतं. घर अगदी गप्प होतं. रफिकभाई बाहेर अंगणात नळाखाली मशीन धूत होता. अर्धा हॉल माझा मारून झाला होता. तेवढ्यात दाराजवळच्या माझ्या पिशवीतून गाणं सुरू झालं. जयंतीला, चौदा एप्रिलला, आमच्या वस्तीत वाजतं ते. लेकीनं लावून दिलं होतं, माझ्याच हौसेनं. हॉल मोठा, फर्निचर सगळं बाहेर काढलेलं, असा आवाज घुमला की काय सांगू. मी पळत गेले. फोन जेवणाच्या डब्याखाली अडकलेला. निघता निघेना. गाण्याचं पहिलं कडवं पूर्ण झालं तेव्हा कुठं हाताला लागला. फोन लेकीचाच होता. गॅसची शेगडी पेटत नाही म्हणून केला होता कार्टीनं.

मान वर केली तर मॅडम दारात. माझ्याकडे एकदा पाहिलं. आत गेल्या.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवीला निदान तोंड असतं. मी परत जाऊन बसले, ब्रश उचलला, आणि कान मागं ठेवून काम करू लागले. आत देवघराचं कपाट उघडल्याचा आवाज आला. मग तो थेंब.

दारापर्यंत मी ते काम पूर्ण केलं. बाहेर येऊन अंगणातल्या नळावर मान धुतली. रफिकभाईनं विचारलं, "काय झालं ताई?" मी म्हटलं, "ऊन लागलं." घरी कुणाला बोलले नाही. लेकीला फक्त म्हटलं, ते गाणं काढ फोनमधून. ती म्हणाली, "का?" मी तिच्यावर ओरडले. तिनं गाणं काढलं नाही, मलाही काढता येत नव्हतं. मी आवाज बंद करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रफिकभाई आमच्या पंचवटीतल्या खोलीवर आला. तोंड उतरलेलं. "फरशीवर डाग पडलेत म्हणे. साब चिडलेत. चल."

मी त्याच्या स्कूटरवर मागं बसले. पूल ओलांडताना मी मनात हेच घोकत होते की माझ्या हातून काय चुकलं. ब्रश ओला होता का? दगड नीट वाळला नव्हता का? खरं सांगते, गोमूत्राचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आधी आपलीच चूक शोधायची, ही सवय हाडात बसलेली. बंगल्याच्या फाटकाशी आलो तरी घोकणं चालूच होतं.

हॉलमध्ये पाय ठेवला आणि दिसलं.

सीलर मारला की कोटा ओला असल्यासारखा गडद दिसतो. दूरच्या भिंतीपासून अर्धा हॉल तसाच, सुरेख, कुठं बोट ठेवायला जागा नाही. आणि तिथून पुढं दारापर्यंत पांढरे ठिपके. लहान, मोठे, काही एकमेकांत मिसळलेले. ओल्या सीलरवर पाण्याचा थेंब पडला की असाच पांढरा डाग धरतो. फोन वाजायच्या आधीचा हॉल स्वच्छ. फोन वाजल्यानंतर मी जिथं जिथं बसले, ती प्रत्येक जागा पांढरी. माझी वाट उमटली होती त्या फरशीवर. आंधळ्यालाही समजलं असतं.

साहेब भिंतीला टेकून उभे होते. मॅडम त्यांच्या मागं.

"राजू," साहेब म्हणाले, "तुझा माल खराब आहे की तुझी बाई?"

"साब, काढून देतो. थिनर लावून पुसतो, परत सीलर मारतो. नवं करून देतो."

"तू नाही. हिनं काढायचं. बसून, हातानं. जिनं केलं तिनं निस्तरायचं. मग इमारतीचं बघू."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

रफिकभाईनं मला बाजूला घेतलं. हळू आवाजात म्हणाला, "ताई, बोल दे ना, हातून गलती झाली. दो मिनट का काम. आपलं सगळं जाईल नाहीतर." त्याच्या कपाळावर घाम होता. तोही घाबरला होता, माझ्याएवढाच.

मी थिनरची बाटली घेतली. फडकं घेतलं. दारातल्या पहिल्या डागाशी बसले. फडक्यावर थिनर ओतला, ते डागावर ठेवलं.

आणि मला आईचा पदर आठवला.

मी लहान असताना आई लासलगावला कांद्याच्या खळ्यावर निवडायला जायची. कधी व्यापाऱ्याच्या घरी निरोप घेऊन जावं लागायचं, तेव्हा मला सोबत न्यायची. आम्ही ओट्याच्या कडेला टेकायचो. निघताना आई उठायची, आणि जिथं बसलो होतो ती जागा पदरानं पुसायची. आधी तिची, मग माझी. कुणी सांगितलेलं नसायचं. मला वाटायचं ही रीत आहे, पाहुण्यानं असंच करायचं असतं. मीही फ्रॉकच्या टोकानं पुसू लागले. एकदा विचारलं, "आई, कशाला पुसायचं?"

"आपली जागा आपण पुसली म्हंजे कोणी बोलत नाय," आई म्हणाली. "लय बरं असतं."

थिनरचा वास नाकात भरला होता. फडक्याखाली तो डाग विरघळायला लागला होता. मी हात उचलला. मला वाटलं, हा पुसला की झालंच नाही काही. थेंब पडलेच नाहीत. मी इथं बसलेच नव्हते. आणि पुसणारी मीच.

मी उठले. भिंतीला हात लावून उठले.

"मी नाही काढणार," मी म्हटलं.

"काय?" साहेब.

"हे डाग माझ्या हातचे नाहीत. मॅडमनी गोमूत्र शिंपडलं. मी बसले होते तिथं. माझ्या अंगावर पण."

आवाज फाटला माझा. मोठ्यानं बोलायला गेले आणि चिरकला. रफिकभाईनं डोळे मिटले.

मला वाटलं होतं मॅडम नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "हो, शिंपडलं. माझं घर आहे. त्यात काय?"

साहेबांनी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लाजले वगैरे नाहीत. "मग एवढंच ना," ते म्हणाले. "पुसून टाक आणि विषय संपव. उगाच राईचा पर्वत करू नकोस." मग अगदी सहज विचारावं तसं, "आडनाव काय म्हणालीस तुझं?"

मशीन कालपासून अंगणातच होतं. बटण दाबायला काही नव्हतं.

काय काय आलं माझ्या मनात. इमारत गेली. रफिकभाईचं खरं नाव निघेल. यांच्या पोलिसात ओळखी असतील, चोरीचा आळ घेतील, लेक घरी एकटी आहे. लघवी होईल असं वाटलं. तेवढी भ्याले होते मी.

मी आडनाव सांगितलं. नाव, बापाचं नाव, आडनाव. मग गाव सांगितलं आणि गावात आमची घरं कुठल्या अंगाला आहेत तेही सांगितलं, म्हणजे त्यांना पुन्हा विचारायचे कष्ट नकोत.

साहेब म्हणाले, "राजू, हिला घेऊन जा. परत इथं आणायचं नाही."

फडकं मी तिथंच टाकलं, त्या अर्ध्या पुसलेल्या डागावर.

फाटकाबाहेर रफिकभाई माझ्यावर चिडला. "तू तर बोललीस. मोकळी झालीस. माझं काय?" त्याचं नाव मी घेतलं नव्हतं, पण त्याच्या पोटावर पाय आला होता, हे खरंच. नंतर कळलं की तो परत गेला, दुसऱ्या माणसाला घेऊन, आणि डाग काढून आला. इमारतीचं काम त्या दोघांना मिळालं. मला त्यानं बोलावलं नाही. मी त्याला बोल लावत नाही. त्याच्या भीतीला मी काय शिकवणार, माझीच अजून गेली नाही.

ती गेली नाही, हे नीट ऐका. लोकांना वाटतं एकदा बोललं की माणूस वाघ होतो. मी वाघबिघ झाले नाही. आता स्वतःची छोटी कामं घेते. नव्या घराच्या बेलवर बोट ठेवताना छाती धडधडतेच. पण दार उघडलं की पिशवी खाली ठेवायच्या आधी पूर्ण नाव सांगते, आडनावासकट. काही दारं तिथंच बंद होतात. "कळवतो" म्हणतात. कळवत नाहीत. मी पुढच्या घरी जाते. फोनचा आवाज मोठा ठेवलाय. तो वाजला की अजूनही माझा हात पिशवीकडे धावतो, मी तो आवरते आणि गाणं वाजू देते.

मागच्या महिन्यात आईला दवाखान्यात नेलं होतं. नंबर आला, ती बाकावरून उठली, आणि सवयीनं पदर हातात घेतला. मी तिचं मनगट धरलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, घाबरून, व्यापाऱ्याच्या ओट्यावर पाहायची तसंच. बाकावरची माणसंही बघत होती. मी मनगट सोडलं नाही. डॉक्टरांच्या खोलीत जाईपर्यंत धरून ठेवलं.

सीलर मी अजून मागं सरकतच मारते. त्याला इलाज नाही, दगडाचं काम तसंच होतं. पण पुन्हा कुणी वाटी घेऊन माझ्या पाठीशी आलं, तर पहिल्या थेंबाला ब्रश ठेवीन आणि उठेन. फरशी अर्धी राहिली तर राहू दे. डाग पडले तर पडू दे. माझी बसलेली जागा मी पुसणार नाही.