तोंडाने ओढायची नळी

"तू थांब. ह्याला तोंड लागतं."

मास्तर कन्नडमध्ये म्हणाले. मोठ्याने नाही, रागावूनही नाही. म्हैसूरच्या हायस्कुलातला माझा रसायनाचा तो पहिला प्रयोग. बीकर मिळाला, परीक्षानळ्या मिळाल्या, सगळ्यांसारख्याच. मग मी लाकडी स्टँडमधल्या पिपेटकडे हात नेला. पिपेट म्हणजे मध्ये फुगलेली काचेची नळी. खालचं टोक द्रवात बुडवायचं, वरचं तोंडात धरून खुणेपर्यंत ओढायचं. म्हणजे उष्टी वस्तू.

बाकीची मुलं एकमेकांची वापरत. नळाखाली धुतली की झालं. माझं धुऊन भागणार नव्हतं. मास्तरांनी एका पिपेटला तांबडा दोरा बांधला आणि ते खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलं.

"हे तुझं. मुलांच्या घरून मला बोलणी नकोत."

आम्ही रंगारी. नंजनगूडला कपिलेच्या काठी कापड रंगवणारे; आमचं उष्टं तिथे कुणाला चालत नसे. माझ्या नखांत नीळ असायची, घासून न जाणारी. मागच्या बाकावरचा शामण्णा म्हणाला, "ह्यानं नुसती फुंकर मारली तरी लिटमस निळा होईल रे." सगळे हसले. मीही हसलो. का, ते माहीत नाही.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा अप्पांना सांगितलं. ते पिंपातलं कापड काठीने फिरवत होते. थांबले नाहीत.

"सुम्मने रहा, मगा. आत तर घेतलंय ना तुला? साकु."

गप्प राहा पोरा, तेवढं पुरे. मी गप्प राहिलो. वर्षभर दोऱ्याचं पिपेट काढलं, वापरलं, धुतलं, टांगलं. वाईट वाटायचं बंद झालं. काहीच वाटायचं बंद झालं.

मास्तर शिकवत मात्र छान. ते ऋण मी नाकारत नाही. पदार्थ कणांचा असतो, कण परमाणूंचे, हे मला त्यांनीच दाखवलं. एकदा त्यांनी पेल्यात पाणी धरलं आणि म्हणाले, "कावेरीचं घ्या, गटारातलं घ्या. मळ काढला की उरणारा पाण्याचा कण एकच. त्याला कुठून आलास असं विचारता येत नाही." वर्ग वहीत उतरवून घेत होता. मी मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ते खिडकीकडे बघतील असं वाटलं. बघितलं नाही. त्यांना ते दिसतच नव्हतं. माझ्या आत त्या दिवशी काहीतरी सरळ उभं राहिलं. राग नव्हता तो. नुसतं कळणं होतं.

प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. दिलेल्या क्षाराला आम्ल किती लागतं ते काढायचं होतं. त्यासाठी क्षार पिपेटने अचूक मोजून घ्यावा लागतो. मी खिळ्याकडे गेलो. वाऱ्याने भिंतीवर आपटून माझ्या पिपेटचं टोक उडालं होतं.

"मोजपात्रानं घे," मास्तर हळूच म्हणाले.

मोजपात्राने उत्तर चुकतं. त्यांनीच शिकवलं होतं. उत्तर चुकलं की नापास. नापास झालो की सरकारी शिष्यवृत्ती बंद, आणि परत पिंपाशी.

मी स्टँडमधलं पिपेट उचललं. तोंडात धरलं. ओढलं. क्षार जिभेला किंचित लागला, साबणासारखा. वर बोट दाबून धरलं.

मागे शामण्णाने आपलं पिपेट खाली ठेवलं. मग शेजारच्याने. खोलीत फक्त माझ्या ब्यूरेटच्या तोटीतून आम्लाचे थेंब पडत होते. लिटमसने निळं झालेलं पाणी तांबडं झालं. मी आकडा लिहिला. उत्तर बरोबर होतं.

"काय झालं?" परीक्षकांनी विचारलं.

मास्तर माझ्याजवळ आले. घामाघूम झाले होते. "चुकून झालं म्हण. एवढंच म्हण. मी सांभाळून घेतो."

त्यांना मला वाचवायचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

"चुकून नाही, मेष्ट्रे. समजून उचललं, समजून तोंड लावलं."

शिस्तभंगासाठी मला नापास केलं. शिष्यवृत्ती गेली. अप्पांनी काठी माझ्या हातात दिली. वर्षभर मी पिंपात कापड फिरवलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच खोलीत परीक्षेला बसलो. स्टँडमधलंच पिपेट घेतलं. ह्या वेळी कुणी काही विचारलं नाही. कुणी जवळही आलं नाही.

आज मी पदवीधर आहे. आमच्या घरातला पहिला. त्या शाळेचे उपकार आहेत आणि ते मी चारचौघांत सांगतो. तेव्हा कुणीतरी वडीलधारं हमखास म्हणतं, लहान होतास, पोरपणात झालं असेल, सोडून दे आता.

पोरपणात झालं नाही. चुकून झालं नाही. उपकारांची फेड म्हणून तेवढं एक वाक्य माझ्याकडून मागू नका. ते मी तेव्हा दिलं नाही, यापुढेही देणार नाही.