बाबांचा तिसरा स्कॅन

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की आजवर मी उठून चहा टाकायला जात आलोय... तरी हे लिहितोय, कारण माझ्या डोळ्यांदेखत घडलं. पनवेलच्या एका हॉस्पिटलमध्ये मी सीटी स्कॅन काढतो. दिवसभर माणसांची डोकी स्क्रीनवर बघणाऱ्याला असलं काही कुठून पटणार?

गेल्या हिवाळ्यात माझ्याच बाबांना त्या मशीनमध्ये घालायची वेळ आली. आम्ही उरणकडचे. बाबांचा अख्खा जन्म मिठागरात राबण्यात गेला, आता तिथे कंटेनर यार्ड आहे. मेंदूत रक्तस्राव झाला होता. रक्त किती आणि कुठे पसरलंय, यावरून पुढे काय बिघडेल याचा अंदाज स्कॅन बघून बांधतात. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "रक्त थोडंच आहे. डोक्यात पाणी साचायचा धोका कमी वाटतो." मलाही तसंच दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळचा स्कॅनही चांगला आला.

त्या दुपारी बाबा अगदी नीट बोलत होते. वार बरोबर सांगितला, हॉस्पिटलच्या डाळीला नावं ठेवली. मग माझ्या मागे बघत सहज म्हणाले, "तुझी आय आलीय. म्हनते, पानी कोंडलंय, उघाडी खोल. माझ्या येळंला कोनी बगितलं न्हाय."

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं पाणी सोडायचं दार. आणि आई... ती मी शाळेत असताना गेली, डोक्यात रक्तस्राव होऊनच. पुढे या कामात पडल्यावर तिच्या स्कॅनची जुनी फिल्म मी उजेडात धरली, तेव्हा कळलं. मेंदूतल्या पोकळ्या पाण्याने फुगायला लागल्या होत्या, आणि दुसरा स्कॅन कोणी काढलाच नव्हता. हे मी कोणापाशी बोललो नाही. बाबांपाशी तर नाहीच — उगाच जिवाला घोर.

मिठागरात 'पानी कोंडलं' अशी हाक आली की हातातलं टाकून धावायचं. खरं-खोटं बांधावर जाऊन बघायचं. मी तसाच मॅडमकडे गेलो.

"अहो, सकाळचा नॉर्मल आहे. शुद्धीत आहेत, लक्षण काही नाही," त्या म्हणाल्या.

"मॅडम, माझ्यासाठी अजून एक स्कॅन काढू या." खरं कारण सांगायची लाज वाटली.

नव्या स्कॅनमध्ये बाबांच्याही पोकळ्या फुगलेल्या दिसल्या. त्याच संध्याकाळी नळी घालून पाणी काढलं, बाबा वाचले. मॅडम म्हणतात, असे भास हेच कधीकधी पहिलं लक्षण असतं. असेलही. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं.

घरी आल्यावर बाबांना त्या दुपारचं काहीच आठवेना. एक दिवस जेवता जेवता त्यांनी विचारलं, "पोरा, तुझ्या आयला पन असंच पानी झालं व्हतं काय रं?"

"व्हय," मी म्हणालो, आणि मला रडू आवरलं नाही.

बाबांनी ताट बाजूला सारलं. "मला कोनी सांगितलंच न्हाय," म्हणाले.

खरंच नव्हतं सांगितलं. मग त्या दुपारी 'माझ्या येळंला कोनी बगितलं न्हाय' हे त्यांच्या तोंडी आलं कुठून?