कुलपाआडचं कुत्रं

"डॉक्टरसायेब, ते कुत्रं आज भुकायलंच न्हाई," शिवकांताबाई म्हणाल्या.

मी ताडकळसच्या बाजारात बैलांना बुळकांडीची लस टोचत होतो. निजामाच्या राज्यात परभणीला जनावरांचा सरकारी डॉक्टर होतो. बुळकांडी एका गोठ्यात शिरली की गावातली गुरं पटापट मरायची, म्हणून रांग मोठी होती. पण भुसार दुकानदाराची ही बायको रांग ओलांडून सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

कुत्रं त्यांच्या शेजारच्या माधवराव गुत्तेदाराचं, म्हणजे गावातल्या मोठ्या ठेकेदाराचं. उंच, सडपातळ, शिकारीचं, कारवानी जातीचं. माधवराव घराला कुलूप लावून कुटुंबासह लग्नाला हैदराबादला गेला होता. कुत्रं आत, अंगणात साखळीला.

"पयलं लय भुकायचं. मग नुसतं कण्हायचं. आता तेबी बंद हाय."

लसीचं काम कंपाउंडरवर सोपवून मी चौकीवर गेलो. कुणाच्या घरात शिरायचं तर पोलीस बरोबर हवा. जमादार बाजेवर बसला होता.

"कुत्र्यापायी गुत्तेदाराचं कुलूप तोडू? माझी नोकरी जाईल."

"जनावराशी बेरहमी हा गुन्हा आहे, जमादारसाहेब."

"त्यानं मारलं का? न्हाई. तो तर गावातच न्हाई."

त्याचं अगदीच चूक नव्हतं. बेरहमीची केस म्हणजे टांगेवाल्याची, नाहीतर जादा ओझं लादणाऱ्या गाडीवानाची. पाळलेलं जनावर बांधून विसरून जाणं हाही गुन्हा आहे, असं आमच्याकडं कुणी धरतच नव्हतं.

"कुलूप तोडू नका," मी म्हणालो. "भिंतीवरून नुसतं बघायला चला."

बाजारातली माणसं चौकीपुढं जमली होती. त्यांच्याकडं बघून तो उठला.

शिवकांताबाईंच्या घराच्या धाब्यावरून, म्हणजे सपाट छतावरून आम्ही खाली वाकून बघितलं. कुत्रं कुशीवर पडलं होतं. पाण्याची कुंडी कोरडी. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला वाळलेल्या भाकऱ्यांचा खच होता आणि तिथवर साखळी पोचत नव्हती. हे काय प्रकरण आहे ते मला कळेना. शिडी सोडून मी खाली उतरलो. कुत्र्यानं डोकं उचललं आणि परत टेकलं. गळ्यातला चामडी पट्टा मांसात रुतला होता. जखमेत अळ्या होत्या.

"पट्ट्याला हात लावू नका," जमादार वरून म्हणाला. "पंचनामा व्हायचाय."

पंचनामा म्हणजे जागा जशी आहे तशी पंचांनी बघून लिहून घेणं. मी पट्टा आधीच कापला असता, तर जखम डॉक्टरच्याच सुरीची आहे, असं माधवरावाचा वकील म्हणाला असता. कापला नाही, तर कुत्रं हातचं जायचं. शिवकांताबाईंनी वरून सोडलेल्या तांब्यात रुमाल भिजवून मी थेंब थेंब पाणी त्याच्या तोंडात पिळत राहिलो आणि सारखा वर बघत राहिलो. गुत्तेदाराविरुद्ध पंच व्हायला कुणी पुढं येईना. एकेक जण धाब्यावरून मागं सरकायला लागला. मी दोनदा सुरी काढली, दोनदा ठेवली.

शेवटी शिवकांताबाईंचा नवरा म्हणाला, "माझं नाव लिव्हा." त्यांच्या मागून एक शिंपी आला. दोघांनी बघितलं, जमादारानं लिहिलं, आणि मी पट्टा कापला.

तेवढ्यात माधवरावाचा गडी हणमंता धावत आला. भाकऱ्या त्याच्या होत्या.

"मालक म्हनले, कुत्र्याला बघ. पन चाबी संगं नेली. मी रोज भिंतीवरून टाकत व्हतो. कुटं पडती ते दिसत न्हवतं. आत उतरलो असतो तर चोरीचा आळ आला असता, सायेब."

कुत्र्याला शिडीवरून वर काढलं आणि गाडीत घालून मी परभणीला आणलं. ते जगलं. केसही उभी राहिली. पण कोर्टात पेशीला गेलो तर आरोपीच्या जागी हणमंता. पोलिसांनी गुत्तेदाराला सोडून गड्याला धरलं होतं, आणि गुत्तेदार साक्षीदार म्हणून आला होता. माझ्या धडपडीचं हे फळ. मला तिथं बसवेना.

माधवरावाच्या वतीनं सांगितलं गेलं की खाण्याची सोय मालकानं केली होती, भाकऱ्या हाच त्याचा पुरावा, कसूर गड्याची. माझी साक्ष जखमेपुरती होती. ती संपल्यावर मी पिंजऱ्यातून खाली उतरलो नाही.

"हुजूर, भाकरी भिंतीवरून टाकता येते. पाणी टाकता येत नाही. घराची चावी कुणाकडं होती, एवढं विचारावं."

वकील उठले. मुन्सिफसाहेबांनी त्यांना हातानंच बसवलं आणि माधवरावाकडं वळले.

"चाबी किसके पास थी?"

"माझ्याकडं, हुजूर. घरात चीजवस्त होती. गड्याच्या हाती चावी कशी देऊ?"

मुन्सिफसाहेबांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "दार तुमच्या ताब्यात, तर आतलं जनावरही तुमच्याच ताब्यात."

हणमंता सुटला. पुढच्या पेशीला माधवराव आरोपी म्हणून उभा राहिला आणि त्याला दंड झाला. बांधून उपाशी ठेवणं हीसुद्धा बेरहमी, असं निकालात आलं. मी तेवढ्यावर थांबलो नाही. कुत्रं त्याला परत देऊ नये, अशी विनंती केली.

"डॉक्टरसाहेब, कायद्यात कुत्रं म्हणजे माल," मुन्सिफसाहेब म्हणाले. "माल मालकाला जातो. मी दंड करू शकतो, कुत्रं काढून घेऊ शकत नाही."

ज्यानं ते मरायला टाकलं, त्याच्याच हाती मी साखळी दिली. कुत्रं माझ्याकडं वळून बघत गेलं.

त्यानंतर ताडकळसला गेलो की मी माधवरावाच्या दारात उभा राहायचो. मला तसा काही अधिकार नव्हता. पण तो दार उघडायचा, बाजूला व्हायचा, आणि मी कुंडीत पाणी बघून परत यायचो.

माझी बदली नांदेडला झाली, तेव्हा शिवकांताबाईंना सांगायला गेलो. "आता तुम्ही लक्ष ठेवा."

"ठिवतेच की. पन उद्या आमी गाव सोडलं तर?"

शेजारीण जागी असेल तरच चालणारा कायदा हा अर्धाच कायदा, एवढं मी ताडकळसला शिकलो.