छज्ज्यावर कूलर नव्हता

"इथे कधीही कूलर नव्हता, मॅडम," रुग्णालयाचे अधीक्षक म्हणाले.

मे महिना, दुपारचे साडेबारा, नागपूर. आम्ही पहिल्या मजल्यावरच्या प्रसूती वॉर्डात उभे होतो. खिडकीच्या खालच्या भागाची जाळी कापून कूलरच्या मापाचं चौकोनी भोक केलेलं होतं. त्यावर सलाइनच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटवलेला. चिकटपट्टी नवी कोरी होती.

"मग हे भोक कशाला?"

"व्हेंटिलेशन."

"आणि बाहेर भिंतीवर पांढरे ओघळ आहेत ते?"

"कबुतरं फार झालीत, मॅडम."

मी डोकं बाहेर काढून बघितलं. प्रत्येक खिडकीखाली एक ओघळ, कूलरचं पाणी गळून सुकल्यावर राहतो तसा, फूटपट्टीने आखल्यासारखा सरळ. शिस्तीची कबुतरं होती.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे. इमारत उभी कशी राहते आणि पडली तर का पडली, हे बघणं माझं काम. या वॉर्डाच्या बरोबर खालचा, तळमजल्याच्या खिडकीवरचा एक छज्जा पडला होता. छज्जा म्हणजे ऊन-पाऊस अडवायला खिडकीच्या वर भिंतीतून बाहेर काढलेली काँक्रीटची फळी. त्याच्याखाली रोज पेशंटचे नातेवाईक डबे उघडून बसायचे. त्या दिवशी सावली सरकली म्हणून ते उठून पलीकडे गेले, आणि पाच मिनिटांत छज्जा खाली आला. कोणाला खरचटलंही नाही. पेपरात फोटो आले, जाहीर चौकशी लागली. पुण्याहून आलेले एक निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष आणि मी तांत्रिक सदस्य.

ठेकेदाराचं म्हणणं होतं, वरच्या वॉर्डाने छज्ज्यावर कूलर ठेवला म्हणून तो पडला. रुग्णालयाचं म्हणणं, कूलर नव्हताच. असल्याचं सिद्ध झालं तर वॉर्डाच्या इन्चार्ज, सिस्टर मेश्राम, सस्पेंड होणार होत्या. तशी नोटीस त्यांच्या हातात पडलेली होती. त्यामुळे आम्ही यायच्या आदल्या दिवशी अख्ख्या रुग्णालयातले कूलर गायब झाले होते.

मला सिस्टरांच्या नोकरीपेक्षा वेगळी काळजी होती. बाकीचे एकवीस छज्जे अजून वर होते. आम्ही कागद गोळा करून गेलो असतो, की संध्याकाळपर्यंत कूलर परत त्यांच्यावर चढले असते. खाली डबे उघडले असते.

सुनावणी वॉर्डाशेजारच्या हॉलमध्ये होती. पंखे गरम हवा खालीवर करत होते. तासाभरात तीन साक्षीदारांनी कूलर नव्हता असं शपथेवर सांगितलं. चौथ्याने तर आयुष्यात कूलर बघितलाच नाही असं सांगितलं. नागपूरचा माणूस! अध्यक्षांनी आधी कोट काढला, मग टाय. मग ते मला हळूच म्हणाले, "बाई, मला समोर दोन-दोन वकील दिसतायत."

वकील एकच होते, ठेकेदाराचे.

मी उठून म्हटलं, "साहेबांना चक्कर येतेय. कोणाकडे कूलर असेल तर आणा."

पाहुण्याला चक्कर म्हटल्यावर सगळे चौकशी विसरले. लॉन्ड्रीच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला आणि दहा मिनिटांत हॉलमध्ये सहा कूलर आले. कोणी बादल्यांनी पाणी भरतंय, कोणी वायर ओढतंय. "माहा इकडे लाव गा," "त्याचा पंप बंद आहे, आमचा घ्या," अशी स्पर्धाच लागली. अध्यक्षांसमोर सगळ्यात मोठा लोखंडी कूलर बसला. मी दोन खुर्च्या सोडून होते, माझ्यापर्यंत काही येईना.

"हा फारशी हवा फेकत नाही वाटतं," मी म्हटलं. खरंच सहज म्हटलं.

"काहून नाही फेकत?" मागून आवाज आला. सिस्टर मेश्राम उभ्या राहिल्या होत्या. "मॅडम, त्याले नावं नका ठेवू. माप देऊन वाडीहून बनवून आणला मी. सहा उन्हाळे त्या छज्ज्यावर होता, पूर्ण वॉर्ड गार करून राहिला होता! साखळीनं खिडकीले बांधला होता म्हणून छज्जा पडला तरी हा वरच लटकून राहिला. आता बिना खसच्या ताट्यांचा लावला, तर कसा फेकन?"



"नोंद घ्यावी, सर!" वकील उभे राहिले. "छज्ज्यावर कूलर होता!"

अधीक्षकांनी कपाळाला हात लावला. "सिस्टर, काय बोलून राहिल्या तुम्ही?"

"निघून गेलं आता तोंडातून," सिस्टर म्हणाल्या. "सर, बाळंतिणी उकडून राहिल्या होत्या. करा सस्पेंड. पण कूलर चांगला आहे."

चूक माझी होती, तेव्हा निस्तरायचीही मलाच होती. मी वकिलांना पुढे बोलावलं. "हात सरळ पुढे करा. हा छज्जा." त्यांच्या हातात पाण्याची भरलेली बाटली दिली. "हा कूलर. आता सांगा, ताण कुठे येतोय?"

"खांद्याच्या वरच्या बाजूला."

"बरोबर. काँक्रीट दाबाला दगड असतं आणि ताणाला पापड. म्हणून ताण जिथे येतो तिथे लोखंडी सळई घालतात. छज्ज्यात ती वरच्या बाजूला हवी." मी तुटलेल्या छज्ज्याचा फोटो अध्यक्षांसमोर ठेवला. "ही इथे आहे. तळाला. तिथे ती असून नसल्यासारखीच."

"मॅडम, हात खाली घेऊ का?" वकिलांनी विचारलं.

"थांबा जरा. तुमच्यात सळई बरोबर आहे."

अध्यक्षांनी ठेकेदाराच्या सुपरवायझरकडे बघितलं. तो साधा माणूस होता. "वरच बांधली होती जी," तो म्हणाला. "माल ओतताना माणसं तिच्यावरून चालून राहिले होते. दबली असन."

वकिलांनी बाटली टेबलावर ठेवून खुर्ची गाठली.

"म्हणजे कूलर नसता तर छज्जा पडला नसता?" अध्यक्षांनी विचारलं.

"उशिरा पडला असता, सर. सळई जागेवर असती तर कूलर असूनही पडला नसता. वाकला असता, भेगा दाखवल्या असत्या, सगळ्यांना पळायला वेळ दिला असता. आणि बाकीचेही याच माणसांनी ओतलेत."

त्याच दिवशी मी सळई शोधायचं यंत्र छज्ज्यांवर फिरवलं. बहुतेकांत ती खालीच निघाली. संध्याकाळच्या आत छज्ज्यांखाली लोखंडी टेकू लागले आणि नातेवाईकांच्या जागेला दोरी बांधली. छज्जे नव्याने करून देण्याचा आदेश ठेकेदाराला झाला. सिस्टरांचं निलंबन टळलं. विनापरवाना विद्युत उपकरण वापरल्याचा एक मेमो मिळाला, तो त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला.

त्या चिडल्या ते माझ्या रिपोर्टवर. त्यात छज्ज्यांवर कूलर ठेवायला सक्त मनाई होती. त्यांनी फोनच केला.

"मॅडम, त्यापेक्षा सस्पेंड केलं असतं तर बरं झालं असतं. घरी मले कूलर तरी आहे."

मग मी जमिनीवरून उभे राहणारे लोखंडी स्टँड डिझाइन करून दिले. कूलर परत लागले, छज्ज्यांना न टेकता.

तेव्हापासून मी लोकांना सांगते, नागपुरात अशी चौकशी लावायची तर मे महिन्यात लावा. मी डिसेंबरात गेले असते, तर कूलर नव्हता असं रिपोर्टात लिहून, कबुतरांवर एक परिच्छेद टाकून, समाधानाने घरी आले असते.