साडेचार आजी

आक्कांनी उभा जन्म काजं करण्यात घालवला. काज म्हणजे कोटाचं बटण जिथून आत जातं ते भोक. पण त्याला भोक म्हटलेलं आक्कांना मुळीच खपायचं नाही. दुकान धाकट्या भावाच्या नावावर. त्याला सगळे मास्तर म्हणत. आक्काही मास्तरच म्हणत, पण बिनसलं की "अरे ए". लग्नबिग्न त्यांनी केलं नाही. दुकानातच वाढल्या आणि दुकानातच म्हाताऱ्या झाल्या.

मास्तरांच्या डोक्यात आलं, की भिंतीवर घराण्याची वंशावळ रंगवून घ्यायची. गिऱ्हाइकावर छाप पडते. बुंध्यात पणजोबा, मग आजोबा, वडील, स्वतः मास्तर आणि शेंड्याला त्यांचे चिरंजीव, ज्यांना सुईत दोरा ओवायचा म्हटलं तरी घाम फुटतो. रंगाऱ्याने खडूने झाड काढलंसुद्धा. आक्कांनी चष्मा पुसून पुसून ते पाहिलं. त्यात बाई औषधालाही नव्हती.

पणजोबांना शिवायला कोणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. ते उपजतच होतं त्यांच्यात, असं मास्तरांनी ठोकून दिलं.

आक्कांना आजीकडून एवढंच कळलं होतं, की गोऱ्या साहेबाचं राज्य होतं तेव्हा पणजोबांची आई साहेबाच्या बंगल्यावर शिवणकामाला जायची, आणि पणजोबांना एक बहीण होती. ऐकीव गोष्टी भिंतीवर चढवायच्या नाहीत, मास्तर म्हणाले. रंगारी पक्का रंग द्यायला येईल, तोवर पुरावा आण. आक्कांनी कंबर कसली.

नोंदणी कचेरीतल्या कारकुनाने पणजोबांच्या आईचं नाव विचारलं. ते माहीत असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते, असं सुनावून आक्का परतल्या. नात्यातल्या म्हाताऱ्यांनी चहा पाजला आणि आपापल्या गुडघ्यांची हकीकत सांगितली. आक्का पार हिरमुसल्या. एक बाई आयुष्यभर राबते आणि अशी पुसली जाते, मग आपलं काय उरणार, या विचाराने त्यांना रडू येत होतं.

त्यातच नाटक कंपनीचे कोट पोचवायचे होते. तिथल्या कपड्यांच्या खोलीत, टोप आणि खोट्या दाढ्यांच्या गराड्यात, एक बाई राजाच्या झग्याला बटण लावत बसली होती. आक्कांनी सवयीने आधी टाका पाहिला, मग बोट पाहिलं, आणि कोटांचं गाठोडं त्यांच्या हातून सुटलं. सुई टोचू नये म्हणून शिंपी बोटात धातूचं टोपण घालतात, त्याला अंगुस्तान म्हणतात. सगळी दुनिया ते मधल्या बोटात घालते. आक्कांच्या घरात मात्र ते करंगळीशेजारच्या बोटात. इतर शिंपी त्यावरून टिंगल करत. मास्तर त्याला पणजोबांची खास शैली म्हणत. आणि ही परकी बाई नेमकी त्याच बोटात ते घालून बसली होती.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"आईने. तिला तिच्या आईने," कपडेवाली म्हणाली. "सगळं आमच्या साडेचार आजीपासून आलंय."

मग कळलं ते असं. साहेबाच्या मडमेने विलायतेहून शिवणयंत्र मागवलं. स्वतः चालवायचा धीर होईना, म्हणून तिने शिवणाऱ्या बाईला पुढे बसवलं, आणि चाकात सापडून बाईचं मधलं बोट अर्धं गेलं. जखम भरताच तिने अंगुस्तान शेजारच्या बोटात चढवलं आणि पुन्हा शिवायला बसली. मुलगा आणि मुलगी तिच्याजवळ बसूनच शिकली. आई घालते तसं त्यांनीही घातलं, बोटं चांगली धडधाकट असून. पुढे मुलाने दुकान काढलं, मुलगी नवऱ्यामागे परगावी गेली आणि येणंजाणं तुटलं. त्या शिवणाऱ्या बाईचं खरं नाव कपडेवालीच्या घरीही कुणाला आठवत नव्हतं. साडेचार बोटांची ती साडेचार आजी, एवढंच उरलं होतं.

आक्का कपडेवालीला हाताला धरूनच दुकानात घेऊन आल्या. मास्तरांनी सगळं ऐकलं आणि योगायोग असेल म्हणाले.

"असेल," आक्का म्हणाल्या. "मग तू ते मधल्या बोटात घाल आणि चार टाके मारून दाखव. तुझं बोट तर शाबूत आहे."

मास्तरांनी ऐटीत घातलं. पहिला टाका वाकडा गेला आणि दुसऱ्याला सुई अंगठ्यात घुसली. अंगठा चोखत त्यांनी अंगुस्तान काढलं आणि पुन्हा शेजारच्या बोटात चढवलं.

रंगारी आला तेव्हा बुंध्यात साडेचार आजी गेली. गिऱ्हाइकं हसतील, अशी कुरकुर मास्तरांनी करून पाहिली. हसोत की, आक्का म्हणाल्या. पणजोबा एका फांदीवर सरकले, दुसरीवर त्यांची बहीण आली आणि तिथून कपडेवालीपर्यंत सगळ्या बायका बसल्या. रंगारी मास्तरांच्या चौकटीशी पोचला, तसे मास्तर शिडीजवळ गेले.

"थांब. इथे अजून एक चौकट काढ," ते म्हणाले. "आक्काची. ती मोठी आहे, तिचं नाव आधी लिही."

आक्कांनी मान वर केली नाही. हातातलं काज मात्र वाकडं गेलं, आणि ते त्यांनी तसंच राहू दिलं.